मालमोटारीस वेसण हवी

ज्याच्या गोठ्यात मारका बैल असतो, त्याला गावाचा एक अलिखित नियम पाळावा लागतो. बैलाच्या नाकात वेसण घालावयाची, शिंगांच्या टोकांस गोळे बसवावयाचे आणि रस्त्याने नेताना कासरा आखूड धरावयाचा. एवढे करूनही बैलाने कोणास इजा केली, तर दोष धन्याकडे जातो. ‘वाटेने जाणाऱ्याने सावध राहावयास हवे होते’ हे त्याचे म्हणणे चावडीवर कोणी ऐकून घेत नाही. जो बलवान जनावर बाळगतो, त्यानेच ते आवरावयाचे, ही ग्रामीण न्यायबुद्धी फार जुनी असून ती सर्वस्वी योग्य आहे.

आश्चर्य असे की, हीच न्यायबुद्धी पंचवीस-तीस टन वजनाच्या मालमोटारीपुढे मात्र मूक होते. मालमोटारीखाली सायकलस्वार सापडला की पहिला प्रश्न निघतो तो त्या सायकलस्वाराच्या चुकीचा. तो बाजूने का चालला नाही? मागे का पाहिले नाही? मालमोटारीस वेसण घातली होती काय, हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. वस्तुतः तो प्रश्न आधी विचारला पाहिजे. ज्या गावांच्या दारातून मालवाहतुकीचे रस्ते गेले आहेत वा जाणार आहेत, त्या गावांनी तर तो विनाविलंब विचारावयास हवा.

करंजाच्या दाराशी येणारा रस्ता

उरण हा पूर्वी पनवेल तालुक्याचा पेटा होता. त्या उरणच्या दक्षिणेस, द्रोणागिरीच्या डोंगराच्या कुशीत, खाडीच्या तोंडाशी करंजा वसले आहे. मासेमारी हा येथील मुख्य व्यवसाय. आसपास भाताची खाचरे आणि खारजमिनी. पलीकडच्या तीरावर रेवस. या दोन तीरांमधील दळणवळण पिढ्यान्‌पिढ्या होडीने आणि लाँचने चालत आले आहे.

या परिसराचे जीवन पालटले ते न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाल्यापासून. आज ते देशातील मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. वीस फुटी पेटी हे माप धरले, तर २०२३-२४ या एका वर्षात येथे ६४ लाखांहून अधिक पेट्यांची चढउतार झाली. त्यांतील काही रेल्वेने जातात. परंतु फार मोठा भाग ट्रेलरवर चढून जासई, गव्हाण फाटा, पळस्पे या वाटेने बाहेर पडतो. ज्या जमिनीवरून हे रस्ते गेले, त्यांतील पुष्कळशी एके काळी भातशेतीची आणि मिठागरांची होती. नवी मुंबईच्या भूसंपादनाच्या वेळी योग्य मोबदल्यासाठी येथील शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला आणि जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. ज्यांनी जमीन दिली, त्यांच्याच मुलाबाळांस त्या जमिनीवरच्या रस्त्याने जीव मुठीत धरून चालावे लागावे, हे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही.

करंजापुरता विचार केला, तर खरी कसोटी पुढेच आहे. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचा भाग म्हणून रेवस-करंजा खाडीपूल उभारण्याचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून या पुलाची कल्पना लोकांसमोर होती. पूल झाल्यावर अलिबागकडील नारळ, सुपारी, भाजीपाला आणि मासळी लवकर बाजारात पोचेल, यात संशय नाही. त्याचे स्वागतच केले पाहिजे. तथापि, ज्या वाटेने भाजी जाते त्याच वाटेने डंपर आणि ट्रेलरही जातात. आज जेथे रस्ता खाडीकाठी येऊन संपतो, तेथून उद्या तो आरपार जाणार आहे. आजवर पाटी डोक्यावर घेऊन बाजाराकडे निघणाऱ्या कोळिणीस, शाळेच्या मुलास आणि बांधावरून सायकल काढून रस्त्यावर येणाऱ्या शेतकऱ्यास जी थोडीबहुत मोकळीक होती, ती राहील किंवा कसे, हे पूल होण्यापूर्वीच ठरावयास हवे.

मरतो कोण?

२०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे मरणाऱ्या जवळजवळ दर पाच जणांमागे एक पादचारी. यांतील प्रत्येकास मालमोटारीनेच ठोकरले, असा याचा अर्थ नव्हे. परंतु लोखंडी सांगाड्याचे कवच ज्याच्याभोवती नाही, त्याला धडक दुचाकीची बसली तर तो कदाचित वाचतो. भरलेल्या मालमोटारीची बसली तर वाचण्याची आशा फारच थोडी उरते. शेतकरी कुटुंबात असा बळी गेला म्हणजे केवळ एक माणूस जात नाही. पेरणीचे हात जातात, कर्ज मात्र तसेच उरते.

अपघात घडतो कसा?

उपाय करावयाचा तर रोगाचे कारण आधी समजून घ्यावे लागते. मालमोटारीच्या बाबतीत ती कारणे प्रामुख्याने चार आहेत.

पहिले कारण दृष्टीचे. आपल्याकडे चालक उजवीकडे व जमिनीपासून बराच उंच बसतो. त्यामुळे त्याच्या केबिनच्या अगदी पुढची काही पावले आणि डाव्या अंगाचा बराच पट्टा त्याच्या नजरेआड राहतो. केबिनला खेटून उभी राहिलेली सायकल, किंवा समोरून वाकून रस्ता ओलांडणारी म्हातारी, त्याला खरोखरच दिसत नाही. दुर्दैव असे की, सायकलस्वार नेमका डाव्या कडेनेच चालतो.

दुसरे कारण वळणाचे. बैलगाडी अरुंद वळणावर घेताना बैल बाहेरून जातात आणि गाडीचे चाक आतला कोपरा कापते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. लांब ट्रेलरचेही तसेच होते. पुढची चाके मोठा फेर घेतात आणि मागची चाके कोपऱ्याच्या आतून येतात. वळणाच्या आतील बाजूस उभ्या असलेल्या माणसाला वाटते, गाडी पुढे गेली. तेवढ्यात मागचे चाक त्याच्यावर येते.

तिसरे कारण पोकळीचे. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये मालमोटारीच्या पोटाखाली जी मोकळी जागा असते, ती माणूस आत जाण्याएवढी मोठी असते. हँडलास निसटता धक्का लागला तरी सायकलस्वार कलंडून त्या पोकळीत जातो आणि मागच्या चाकांखाली येतो. बाहेर पडला असता तर केवळ खरचटले असते.

चौथे कारण वेगाचे. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. म्हणजे चालकाने धोका पाहून ब्रेकवर पाय ठेवीपर्यंतच ती एवढे अंतर काटते. त्यापुढे थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ३० ऐवजी ६० केला तर हे अंतर दुपटीने नव्हे, चौपटीने वाढते. गावाच्या वेशीत वेग निम्मा करणे म्हणजे काही मिनिटे वाया घालविणे नसून प्राण वाचविणे आहे.

वेसण कोणती?

या चारही दोषांवर साधे उपाय उपलब्ध आहेत आणि त्यांतील बहुतेक नियमांत पूर्वीच लिहिलेले आहेत.

चाकांमधील पोकळी झाकण्यासाठी दोन्ही बाजूंस आडव्या दांड्यांची चौकट, म्हणजे बाजूचे कठडे, बसवावयाचे असतात. त्यांसाठी भारतीय मानक १४६८२ ठरविलेले आहे. मागून धडकणारी मोटार वा दुचाकी ट्रेलरखाली घुसू नये म्हणून मागे आडवा दांडा लागतो. त्याचे मानक १४८१२. काही खास प्रकारची वाहने वगळता मालमोटारींस हे दोन्ही असावयास हवेत. रात्री दिसण्यासाठी मागे व बाजूंस परावर्तक पट्ट्या लागतात. बाजारात त्यांना ‘रेडियम’ म्हणतात. वेगाला लोढणे म्हणून वेगमर्यादक यंत्र आहे. २०१५ च्या नियमाप्रमाणे मालवाहू वाहनांसाठी ते सामान्यतः ताशी ८० आणि डंपर व टँकर यांसाठी ६० किलोमीटरवर बसवावयाचे असते. नजरेआड राहणाऱ्या पट्ट्यासाठी केबिनच्या डाव्या बाजूस खाली पाहणारा आणि पुढच्या बाजूस तळ दाखविणारा असे फुगीर आरसे बसविता येतात. याखेरीज जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे क्लीनर. गर्दीत वळताना व मागे घेताना डाव्या बाजूस पाहणारा माणूस असावा, म्हणून तर तो पूर्वी प्रत्येक गाडीवर असे. हल्ली खर्च वाचविण्यासाठी पुष्कळ गाड्या एकट्या चालकावर धावतात.

मग उणीव कोठे आहे? ती कागद आणि चाक यांच्यामधील अंतरात आहे. कठडा वाकतो, तो काढून ठेवला जातो आणि पुन्हा बसविला जात नाही. पट्टीवर चिखल बसतो. आरसा फुटतो आणि तसाच राहतो. तपासणीच्या दिवशी गाडी नटते आणि दुसऱ्या दिवशी मूळ रूपावर येते. शेतकरी ज्याप्रमाणे औत रोज पाहून जुंपतो, त्याप्रमाणे ही पाहणी रोजची झाली पाहिजे.

हे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. लंडन शहराने १ सप्टेंबर २०१५ पासून साडेतीन टनांवरील मालमोटारींस बाजूचे कठडे आणि जादा आरसे असल्याविना शहरात येण्यास मनाई केली. पुढे चालकास आसनावरून थेट किती दिसते याचे मोजमाप करून बारा टनांवरील प्रत्येक मालमोटारीस शून्य ते पाच तारे देण्याची पद्धत त्या शहराने सुरू केली. ऑक्टोबर २०२४ पासून तीन ताऱ्यांहून कमी दर्जाच्या गाडीस कॅमेरा, जवळ आलेल्या माणसाची सूचना देणारी यंत्रे व इतर साधने बसविल्याखेरीज तेथे परवाना मिळत नाही. तेथील सर्वच व्यवस्था येथे जशीच्या तशी आणता येणार नाही. परंतु त्यामागील तत्त्व मात्र आपल्या चावडीचेच आहे: जनावर ज्याचे, वेसण त्याने घालावयाची.

मालक आणि चालक यांची बाजू

मालमोटारीचा मालक म्हणतो, खर्च परवडत नाही. पण एका फुगीर आरशाची आणि थोड्या परावर्तक पट्टीची किंमत एका टायरच्या किमतीच्या मानाने नगण्य असते. कठड्यास अधिक खर्च येतो हे खरे. तथापि गाडीच्या एकंदर किमतीत तो फार मोठा नाही आणि एका अपघाताने होणाऱ्या कोर्टकचेरीपेक्षा तर खासच कमी आहे.

चालकाची बाजू अधिक सहानुभूतीने ऐकली पाहिजे. त्यास पुष्कळदा खेपेवर पैसे मिळतात. माल चढविण्यासाठी तासन्‌तास खोळंबावयाचे आणि मग गेलेला वेळ रस्त्यावर भरून काढावयाचा, असा क्रम पडतो. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसास आठ तास काम ठरवून दिले होते. प्रत्यक्षात किती चालकांस ही मर्यादा लाभते, हे रस्त्याकडेच्या कोणत्याही ढाब्यावर विचारावे. झोपेने जड झालेल्या डोळ्यांस आरसा काय दाखविणार? म्हणून केवळ चालकास शिक्षा करून भागणार नाही. जो त्याला वेळेचा चाबूक लावतो, त्या मालकास आणि माल पाठविणाऱ्यासही जबाबदारीत ओढले पाहिजे. जादा माल भरण्यास २०१९ च्या दुरुस्तीने वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये असा दंड ठरविला आहे. त्याची अंमलबजावणी हीही एक वेसणच होय.

रस्ताही दोषमुक्त नसावा

गाडी कितीही सुरक्षित केली आणि चालण्यास जागाच नसेल, तर धोका उरतोच. गावातून जाणाऱ्या रस्त्यास दोन्ही बाजूंस उंच पदपथ, सायकलीसाठी निराळा पट्टा, शाळा व बाजार यांजवळ ओलांडण्याची उंचावलेली जागा, उजेड आणि मालमोटारी उभ्या करण्यासाठी गावाबाहेर तळ, या गोष्टी आराखड्यातच असाव्या लागतात. रस्ता झाल्यावर त्या मागितल्या तर जागा उरत नाही. रस्ता ठरलेल्या मानकांप्रमाणे न बांधल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणा व ठेकेदार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आहे. करंजाने पुलाच्या जोडरस्त्यांबाबत ही मागणी आजच, लेखी, नकाशा समोर ठेवून केली पाहिजे.

आपले घर आधी

मात्र दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी आपल्या वाहनांकडेही पाहावे. सायकलस्वारापुढे ट्रॅक्टर हीदेखील जड गाडीच आहे. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर या भागांत ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात. मागे दिवा नाही, रेडियम नाही, बाहेर आलेल्या मोळ्यांनी निम्मा रस्ता अडविलेला, अशी ट्रॉली अंधारात उभी असली की मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. कोकणात पेंढ्याने ओसंडलेला टेम्पो तेच करतो. पूर्वी बैलगाडीच्या दांडीखाली कंदील टांगलेला असे आणि बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळ असे. मागून येणाऱ्यास दिसावे आणि पुढे असणाऱ्यास ऐकू यावे, एवढाच त्याचा अर्थ. आजच्या ट्रॉलीस मागचा दिवा आणि लाल परावर्तक पट्टी हाच तो कंदील होय. तो न लावणाऱ्यास ट्रेलरवाल्याला दोष देण्याचा अधिकार उरत नाही.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे?

सुधारित बियाण्याचा प्रसार व्याख्यानाने झाला नाही, तो शेतावरील प्रात्यक्षिकाने झाला. येथेही तोच मार्ग धरावा. एखाद्या वाहनमालकाच्या संमतीने एक मालमोटार शाळेच्या पटांगणात आणून, इंजिन बंद ठेवून, उभी करावी. गावकरी, शाळेतील मुले आणि स्वतः सरपंच यांस एकेक करून चालकाच्या आसनावर बसवावे. खाली एकाने सायकल घेऊन डाव्या बाजूने हळूहळू फिरावे. ज्या ज्या जागी ती दिसेनाशी होते, तेथे चुन्याच्या फक्कीने रेघ ओढावी. मग तोच प्रयोग डावीकडील व पुढील फुगीर आरसे लावून करावा आणि रेघ किती आत सरकते ते सर्वांस दाखवावे. चालकास काय दिसत नाही, हे मुलांस अर्ध्या तासात कळेल. आणि एका आरशाने काय दिसू लागते, हे मालकास कळेल.

याच वेळी चालणाऱ्यांसही दोन गोष्टी सांगाव्यात. आरशात चालकाचा चेहरा आपणांस दिसत नसेल, तर आपणही त्यास दिसत नाही, असे समजावे. डावीकडे वळणाऱ्या मालमोटारीच्या डाव्या अंगाने कधीही पुढे घुसू नये. परंतु हा उपदेश हा उपायांचा शेवटचा भाग आहे, पहिला नव्हे, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये.

दुसरे काम ग्रामसभेचे. गावातील कोणत्या जागी धोका आहे, कोणत्या वेळी मुले रस्ता ओलांडतात, मालमोटारी रात्री कोठे उभ्या असतात, याची नोंद करून ठराव करावा. तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे, परिवहन कार्यालयाकडे आणि रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेकडे पाठवावा. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी जड वाहनांस गावातून बंदी असावी, अशी मागणीही त्यात करता येईल. ज्यांचा माल गावातून जातो, त्या गोदामांस व कारखान्यांसही पत्र लिहावे. कठडा नसलेली गाडी फाटकातून आत घेणार नाही, असा नियम त्यांनी स्वतः केला तर परिणाम फार लवकर दिसेल.

तिसरे काम अपघातानंतरचे. जखमीस दवाखान्यात नेणाऱ्यास पोलीस त्रास देतील, ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सद्भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण असून त्यास आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख न भरता उपचार मिळण्याची सोय झाली आहे. ठोकरून पळून गेलेल्या वाहनाचा तपास लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृताच्या वारसास दोन लाख आणि गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये मिळू शकतात. त्यासाठी अर्ज उपविभागीय अधिकारी वा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो. गरिबाच्या घरी ही माहिती कागदासह पोचविणे हे कार्यकर्त्यांचे कर्तव्य होय.

पूल, बंदर आणि महामार्ग हे देशाच्या भरभराटीसाठी हवेतच. शेतमालासही चांगल्या रस्त्याखेरीज चांगला भाव नाही. परंतु त्याच रस्त्याच्या कडेने पाटी, पुस्तकाचे दप्तर आणि चाऱ्याचा भारा घेऊन माणसे चालत असतात, आणि रस्त्यावर त्यांचा हक्क मालमोटारीच्या आधीचा आहे. मारक्या बैलाला वेसण न घालणाऱ्या धन्यास गाव जाब विचारीत आले आहे. करंजाच्या खाडीवर पूल उभा राहील त्या दिवशी पहिल्या मालमोटारीस तोच जाब विचारण्याची तयारी गावाने आजपासून करावी.